बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंवर मराठीत विपुल लिहिले गेले आहे. पण त्यातील बहुतेक लेखन १८८३ पाशी येऊन थबकते. त्या वर्षी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे धर्मांतर बंड होते की फितुरी, यावर आपण शंभरावर वर्षे वाद घातला. मीही बरीच वर्षे त्याच वादाची टिपणे काढत होतो. १९०७ साली रमाबाईंनी इंग्रजीत लिहिलेली ‘अ टेस्टिमनी’ ही छोटी पुस्तिका नीट वाचली, तेव्हा माझी चूक ध्यानात आली.

या पुस्तिकेत बाप्तिस्मा हा कळस नाही. रमाबाई सांगतात, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. पापक्षमेची खात्री आणि तिच्यासोबतचा आनंद लाभायला आणखी सुमारे आठ वर्षे जावी लागली. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना त्यांना स्वतःतली ही उणीव जाणवली. हॅस्लम चर्चचा दीक्षित पाद्री होता. तरी त्याचे मन पालटले ते पुढे, स्वतःच प्रवचन करत असताना.

या आनंदाचे मोल कळायचे, तर पुस्तिकेचा पूर्वार्ध पाहावा लागतो. पुराणकथन, तीर्थयात्रा, उपासतापास, दानधर्म यांत आईवडिलांनी आयुष्य वेचले. आणि १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील व बहीण अन्नावाचून गेली. पुण्य साठवायचे आणि फळाची वाट पाहायची, हा हिशेब रमाबाईंनी घरातच मोडताना पाहिला होता. माझ्या मते बाप्तिस्म्यानंतरही तो मनातून गेला नव्हता; केवळ वहीचे नाव बदलले होते. क्षमा मिळवायची नसते, ती दिलेली असते, हे उमगले तेव्हा ती वही मिटली.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ‘साक्ष’ हा ठरीव साच्याचा लेखनप्रकार आहे, आणि ही साक्ष घटनेनंतर पंधराएक वर्षांनी लिहिलेली आहे. आक्षेप मान्य. म्हणूनच ए. बी. शाह यांनी संपादित केलेला, १९७७ साली प्रसिद्ध झालेला पत्रव्यवहार सोबत वाचावा. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्रैक्याच्या सिद्धांतावरून, चर्चच्या अधिकारावरून झगडणारी रमाबाई तिथे भेटते. जिने कोणाचा शब्द सहज मानला नाही, तिचा आनंद केवळ साच्यातून आला असे म्हणणे मला जड जाते.

क्षमेची खात्री माणसाला निष्क्रिय करते, असेही म्हटले जाते. रमाबाईंचे आयुष्य उलट सांगते. मध्य प्रांतातील दुष्काळपीडित मुली, केडगावचे मुक्ती सदन, हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर, हे सारे त्या आठ वर्षांनंतरचे. पुण्यासाठी करायचे काही उरले नव्हते, तेव्हा त्यांनी सर्वांत अधिक काम केले.

रमाबाईंचे बंड आपण अभ्यासले, कार्य गौरवले. त्यांच्या आनंदावर मात्र विश्वास ठेवायचे राहून गेले. तो पटलाच पाहिजे असे नाही. पण तो वगळून लिहिलेले त्यांचे चरित्र अपुरेच राहील.