दोष कुणाचा? : एका ग्रंथाच्या निमित्ताने

कर्करोगाने कुणी गेले की पारनेर परिसरातील आमच्या घरांतून दबक्या आवाजात दोन प्रश्न निघतात : हे कुणाच्या पापाचे फळ? आणि हे त्यांच्या रक्तातच आहे काय? सोयरीक जुळवताना दुसरा प्रश्न अधिकच बोचतो. डॉ. सिद्धार्थ मुखर्जी यांचा ‘द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज’ (२०१०) हा इंग्रजी ग्रंथ आम्ही याच प्रश्नांसाठी वाचला.

ग्रंथातील जनुकांविषयीचा भाग आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. कोंबडीत अर्बुद उत्पन्न करणाऱ्या विषाणूतील जनुक मुळात निरोगी कोंबडीच्या पेशीतलेच, हे व्हार्मस व बिशप यांच्या चमूने १९७६ साली दाखवले. वाढीचा हुकूम देणारे जनुक बिघडले की हुकूम थांबतच नाही. आवर घालणारे निकामी झाले की अडवणारे कुणी उरत नाही. असे बिघाड एकाच पेशीकुळात वर्षानुवर्षे साचत जातात; म्हणूनच हा रोग बहुधा उतारवयात गाठतो. आईबापांकडून आलेल्या बिघाडामुळे होणारे कर्करोग शेकडा पाच ते दहाच. तेथेही वारशाने येते ती प्रवणता, रोग नव्हे.

मात्र ग्रंथाच्या शीर्षकाशी आमचा मतभेद आहे. रोगाला ‘सम्राट’ म्हटले की सामान्य वाचकाच्या मनात शरणागतीच उभी राहते. शिवाय तंबाखूच्या विवेचनाचा भर अमेरिकेतील सिगारेटवर आहे. आमच्या चुलीपाशी भाजली जाणारी मशेरीही तोंडातील पेशींच्या जनुकांवर असाच घाला घालते, हे वाचकाने स्वतःच ताडायचे.

येथे आम्हांस डॉ. कमल रणदिवे (१९१७-२००१) आठवतात. पुण्यात जन्मलेल्या या विदुषीने मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात स्तनाच्या कर्करोगामागील आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा संबंध अभ्यासला. पुढे त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात आदिवासी बालकांच्या पोषणाची पाहणी केली. प्रयोगशाळेतून खेड्याकडे आलेली ही दृष्टी ठेवून हा विषय मराठीत मांडला जावा, अशी आमची अपेक्षा आहे.

तरीही ग्रंथ वाचनीय आहे, असेच आम्ही म्हणू. पेशीतील बिघाड हा कुणाच्या पापाचा पुरावा नव्हे, एवढे जरी त्यातून घरोघरी पोहोचले, तरी रुग्णाच्या उशाशी बसलेल्यांच्या मनावरचे अर्धे ओझे उतरेल. उरलेल्या अर्ध्यासाठी मशेरीचा डबा घराबाहेर जायला हवा.