कर्ण कुठलाही असो

अवघड सुडोकूत एक वेळ अशी येते, की पेन्सिल हातात असूनही बराच वेळ एकही अंक भरता येत नाही. प्रत्येक रिकाम्या घरात शक्य अंक बारीक लिहून झालेले असतात आणि कुठेच एकटा अंक उरत नाही. इथून पुढे काम खोडरबराचे. मला सुडोकू खरा आवडू लागतो तो इथूनच.

एक्स-विंग पाहा. दुसऱ्या आडव्या ओळीत ५ला दोनच जागा उरल्या आहेत, तिसऱ्या आणि आठव्या उभ्या ओळीत. सातव्या आडव्या ओळीतही नेमक्या त्याच दोन. चार घरांचा आयत डोळ्यांपुढे उभा राहतो. वरचा ५ डावीकडे बसला तर खालच्याला उजवीकडे जावे लागते. वरचा उजवीकडे, तर खालचा डावीकडे. दोन कर्णांपैकी खरा कोणता, ठाऊक नाही. पण कोणताही असो, दोन्ही उभ्या ओळींचे ५ या चार घरांतच येणार. मग त्या ओळींतल्या उरलेल्या सात-सात घरांतून ५ खुशाल खोडावा! आयतातला प्रश्न सुटलेलाच नाही आणि दूरच्या घरांचा निकाल मात्र लागला. अज्ञान शाबूत असताना मिळणारी ही खात्री मला विलक्षण वाटते.

हाच डाव तीन ओळींवर पसरला की स्वोर्डफिश.

एक्सवाय-विंगमध्ये मधल्या घरात २ किंवा ७ असतो. त्याला दिसणाऱ्या एका घरात २ किंवा ९, दुसऱ्यात ७ किंवा ९. मध्ये २ आला तर पहिल्यात ९, ७ आला तर दुसऱ्यात. म्हणून या दोन्ही घरांना पाहणाऱ्या घरात ९ येऊच शकत नाही. (एका ओळीतली वा चौकटीतली घरे एकमेकांना ‘पाहतात’, हा शब्द मला फार गोड वाटतो.) काहींना हा अंदाजच वाटतो. मला नाही पटत. अंदाज बांधणारा एक वाट धरतो आणि अडला की मागे फिरतो; इथे दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालून पाहिलेल्या असतात.

हे कोडे १९७९ साली अमेरिकेत ‘नंबर प्लेस’ नावाने छापले गेले. जपानमध्ये माकी काजी यांनी त्याला जे नाव दिले, त्याचा अर्थ अंक अविवाहित, एकेकटेच असावेत असा. आठव्या उभ्या ओळीतल्या एका घरात १ आणि ५ होते. एक्स-विंग दिसल्यावर ५ खोडला. १ एकटा उरला.