परिशिष्टात न मावणारे युद्ध

स्पेनच्या यादवी युद्धावरील (१९३६–३९) पुस्तकांत हेमिंग्वेच्या ‘फॉर हूम द बेल टोल्स’चा बोलबाला फार. १९४० ची ही कादंबरी मीही रात्री जागून वाचली. फ्रँकोविरुद्ध लढणारा अमेरिकन अध्यापक रॉबर्ट जॉर्डन, उडवायचा पूल, जेमतेम तीन दिवसांचा अवधी आणि मारिया! बांधणी अशी घट्ट की वाचक जागचा हलत नाही. तथापि पुस्तक मिटल्यावर एक शंका छळते. जॉर्डनला लाभले तसे देखणे मरण, पन्नासाहून अधिक देशांतून आलेल्या सुमारे ३५ हजार स्वयंसेवकांपैकी कितीजणांच्या वाट्याला आले असेल?

ऑर्वेलच्या ‘होमेज टु कॅटलोनिया’त (१९३८) असा देखणेपणा नाही. हा गृहस्थ आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये नव्हता; ‘पोउम’ या लहानशा मार्क्सवादी पक्षाच्या पथकात होता. आरागॉनच्या खंदकांत थंडी, उवा आणि जळणासाठी वणवण. शत्रूची आठवण सर्वांत शेवटी. मे १९३७ मध्ये गोळी गळ्यातून आरपार गेली, तेही तो परक्याचे दुखणे सांगावे तसे सांगतो. आरंभीच एक इटालियन स्वयंसेवक भेटतो, हात घट्ट धरतो आणि पुन्हा कधीच दिसत नाही. हे एक पान मला मारियाच्या साऱ्या प्रकरणांहून मोलाचे वाटते.

मात्र पक्षापक्षांतील भांडणांची दोन प्रकरणे पुष्कळांना रुक्ष वाटतात. ती परिशिष्टात जावीत अशी स्वतः ऑर्वेलचीच इच्छा होती आणि १९८६ च्या आवृत्तीत ती गेलीही. लेखकाचा मान राखूनही मला हे पटत नाही. बार्सिलोनात एकाच बाजूची माणसे एकमेकांवर गोळ्या झाडतात. पुढच्याच महिन्यात ‘पोउम’ बेकायदा ठरतो, आघाडीवरून परतलेले तुरुंगात पडतात. या घटना कथेत राहतात. त्या का घडल्या, ते मात्र मागे ढकलले जाते. मग उरते एका शिपायाची हकीकत. तो घर सोडून आला होता, तो राजकारणासाठीच ना?

आपल्या नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. तेच पुढे ‘जॉन स्मिथ’ या नावाने स्पेनमध्ये लढले आणि १९३८ मध्ये फ्रँकोच्या कैदेत पडले. असा माणूस समजून घ्यायला जॉर्डनचा पूल काय कामाचा? तिथे ती रुक्ष प्रकरणेच हवीत.

ऑर्वेलच्या पुस्तकाच्या पहिल्या दीड हजार प्रती तो १९५० मध्ये वारला तोवरही संपल्या नव्हत्या. आता ते सहज मिळते. जुन्या क्रमाची प्रत दिसली, तर तीच घ्यावी.