मैना, ओवी आणि कोयता : श्रम-स्थलांतराच्या मराठी वाचनातील स्त्री

भारतीय जनगणनेत स्थलांतराचे कारण नोंदवणारा एक रकाना असतो. २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांमध्ये त्यासाठी काम वा रोजगार, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतरचे स्थलांतर, कुटुंबासोबतचे स्थलांतर व इतर असे पर्याय होते आणि एका व्यक्तीमागे एकच कारण नोंदवले गेले. बहुसंख्य स्थलांतरित स्त्रियांच्या बाबतीत ते ‘विवाह’ असे आहे. ही नोंद खोटी नाही. परंतु लग्न होऊन आलेली स्त्री दुसऱ्या दिवसापासून कोणत्या कामाला लागली, हे विचारण्याची वाट ती बंद करते. पुरुष कामासाठी गाव सोडतो, स्त्री नात्यासाठी सोडते, अशी विभागणी त्यातून आपोआप सिद्ध होते. मराठी साहित्यसमीक्षेनेही हीच विभागणी फारशी न तपासता स्वीकारलेली दिसते. प्रस्तुत निबंधात अण्णा भाऊ साठे यांची एक छक्कड, जात्यावरची ओवी आणि ऊसतोडीच्या व्यवहारातला ‘कोयता’ हा शब्द या तिन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून तिचा विचार करावयाचा आहे.

‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत घरोघरी पोहोचली. पोटासाठी मुंबईस निघालेला पुरुष तीत बोलतो. मागे राहिलेल्या पत्नीचे रूप तो वर्णितो, भल्या पहाटेचा निरोप सांगतो, नंतर मुंबईतल्या श्रीमंतीचे आणि बेकारीचे चित्र उभे करतो. शेवटी मैनेची ताटातूट आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या भागांची महाराष्ट्रापासूनची ताटातूट एकरूप होते. समीक्षकांनी या रूपकाचे कौतुक केले आहे व ते योग्यही आहे. शाहिरी परंपरेतल्या विरहाला वर्गीय आणि राजकीय आशय देण्याचे सामर्थ्य थोड्याच कवींपाशी होते.

तथापि रूपकाची एक किंमत असते. मैना भूमीचे प्रतीक झाली की ती माणूस म्हणून रचनेतून निघून जाते. गावच्या वेशीपाशी ती उभी राहते, त्यानंतर तिची कोणतीही खबर आपल्याला लागत नाही. तो शहर पाहतो, आंदोलनात उतरतो, बदलतो. ती मात्र निरोपाच्या क्षणातच थांबलेली आहे. तिच्या तोंडी एकही उद्गार नाही. असे असूनही अण्णा भाऊंनी एक खूण ठेवली आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले आहे. निरोप घेताना नायक पत्रांची वचने देतो, अंगभर दागिन्यांची बोली करतो, तिला हसवू पाहतो. ती हसत नाही. हा तपशील सहसा विरहव्याकुळता म्हणून वाचला जातो. तो अविश्वास म्हणूनही वाचता येतो. गिरणीच्या पगारातून साज घडत नसतो, हे त्याच्याआधी तिला कळले असावे. वैजयंतेसारखी स्वतः कमावती तमाशा कलावंतीण कादंबरीच्या केंद्रस्थानी आणणाऱ्या लेखकाला स्त्रीचे श्रम दिसत नव्हते, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. आक्षेप लेखकावर नसून, तिच्या न हसण्यावरून पुढे निघून गेलेल्या आपल्या वाचनावर आहे.

मैना गावावर राहून काय करीत होती? रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या पुरुषांची घरे मनीऑर्डरवर चालत, असे सरधोपटपणे सांगितले जाते. कोकणाला तर मनीऑर्डरची अर्थव्यवस्था असे नावच पडले. मात्र मनीऑर्डर येईपर्यंत आणि आल्यानंतरही भाताची लावणी, बेणणी, गुरे, सासू-सासऱ्यांचे दुखणे व मुलांचे संगोपन हे सर्व त्याच बाईवर होते. कामगाराची भाकरी, आजारपण आणि म्हातारपण गावाने उचलल्यामुळेच गिरणीमालकाला एकट्या पुरुषापुरते वेतन देऊन भागवता आले, हा अर्थशास्त्रीय युक्तिवाद सुपरिचित आहे. त्यातल्या ‘गाव’ या शब्दाच्या जागी ‘बायको’ हा शब्द घालून पाहिला, तर मैनेला स्थलांतराच्या बाहेर ठेवता येणार नाही. ती हलली नाही. परंतु तिच्यावाचून तोही हलू शकला नसता.

छक्कडीत न आलेला तिचा आवाज अन्यत्र आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. या विशाल संग्रहाकडे लोकसाहित्याचा ठेवा म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. तो श्रमाचा दस्तऐवजही आहे. ओवीतील सासुरवास हा केवळ भावनिक छळ नव्हे. पहाटेचे दळण, विहिरीवरच्या खेपा, शेतातली मजुरी, जाऊ-नणंदेतली कामाची वाटणी, माहेरी जाण्यासाठी न मिळणारी सुटी यांची त्यात अतिशय नेमकी मोजदाद असते. रजेची मागणी, कामाचे तास, देखरेख हे विषय कामगार चळवळीच्या पत्रकांत येतात, तेच येथे भाऊ न्यायला कधी येईल या प्रश्नाच्या रूपाने येतात. सासर ही ओवीत कामाची जागा आहे. विवाह हेच एक श्रम-स्थलांतर आहे, फक्त त्याला वेतन नाही, ही गोष्ट ओवी गाणारीने जाणली होती. जनगणनेच्या रकान्यात मात्र ‘विवाह’ आणि ‘काम’ हे पर्याय वेगळेच राहिले.

ज्या स्त्रिया मुंबईत आल्या त्यांची कथा थोडी निराळी आहे, पण फार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत गिरण्यांत लक्षणीय संख्येने असलेल्या स्त्रिया पुढे सातत्याने कमी होत गेल्या. गिरणगावात अनेकींनी खानावळी चालवल्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन होईपर्यंत, शेकडो कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायकांचा व्यवसाय घरकामाचाच विस्तार समजला जाई आणि भांडवलासाठी त्यांना सावकाराकडे जावे लागे.

मराठवाड्यातल्या ऊसतोडीत ही सगळी विभागणी मोडायला हवी होती, कारण येथे स्त्री मागे राहत नाही. बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास जोडपी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि व्यवहार बहुधा पुरुषाशी होतो. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. ऊस तोडणे, वाढे छाटणे, मोळी बांधणे, ती डोक्यावरून वाहून गाडीत भरणे यांतील बाईचा वाटा पुरुषाइतकाच असतो. स्वयंपाक, पाणी आणि लेकरू यांचा हिशेब वेगळा. हाताला घट्टे दोघांच्याही पडतात, मजुरी एका नावावर जमा होते. भाषेने येथे स्त्रीला मोजले आहे, परंतु अर्धे. जोडी पूर्ण झाल्याशिवाय पूर्ण उचल नाही. म्हणून मुलींची लग्ने लवकर उरकली जातात. कारखान्याच्या फडापर्यंत पोहोचलेल्या अशा मुलीच्या स्थलांतराचे कारण ‘विवाह’ लिहावे की ‘काम’? एकच पर्याय निवडण्याची सक्ती असेल तर दोन्ही उत्तरे चुकतील.

या अर्ध्या मोजणीचा परिणाम शरीरावर उतरला. कामाचा दिवस बुडाला तर खाडा धरला जातो आणि त्याचे पैसे कापले जातात. फडावर ना शौचालय, ना पुरेसे पाणी. पाळीचे दिवस आणि अंगावरचे दुखणे म्हणजे उचलीत पडणारी तूट. त्यात लहान वयातली बाळंतपणे आणि कर्करोगाची भीती घालणारे काही खासगी डॉक्टर यांची भर पडली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजल्यानंतर शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण सहा जणींमागे एकीचे. मजुरीच्या हिशेबात जिची स्वतंत्र नोंद नव्हती, तिची स्वतंत्र नोंद झाली ती या यादीत.

मराठी ग्रामीण व दलित साहित्याने ऊसतोडीचे दुःख मांडले नाही असे नाही. तथापि त्यातला निवेदक बहुतेकदा शाळा सुटलेला मुलगा असतो. आई त्याच्या आठवणीत राबते, सोसते, गौरवली जाते; उचलीबद्दल, मुकादमाबद्दल, स्वतःच्या पाळीबद्दल तिचे मत काय होते, ते क्वचितच समजते. मैनेचे मौन येथे आईच्या त्यागात रूपांतरित झाले आहे. शिवाय फडावरच्या कोपीत जाते नाही; दळण गिरणीतून येते. ज्या कामासोबत ओवी सुचत होती ते काम गेले, त्यामुळे पूर्वीच्या बायकांनी मागे ठेवला तसा दस्तऐवज या बायकांकडून त्याच रूपात मिळण्याची शक्यता नाही. तो शोधायचा असेल तर समितीसमोरच्या साक्षी, महिला किसान अधिकार मंचासारख्या गटांनी नोंदवलेली कथने आणि मोर्च्यांतली भाषणे यांच्याकडे वळावे लागेल. समाजशास्त्राने ही सामग्री केव्हाच हाताळायला घेतली आहे. मराठी विभागांच्या संशोधन-विषयांच्या याद्यांत ती अजून विरळाच आढळते.