खोली, कॉट आणि प्रांगण

देवगाव रंगारीहून शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरास येणारा विद्यार्थी घर शोधीत नाही, खोलीही नव्हे. तो 'कॉट' शोधतो. 'कॉट बेसिस' हा पाट्यांवरील शब्दप्रयोग भाषाभ्यासकास मोठा बोलका वाटतो. 'वसतिगृह' या समासात वसतीही आहे आणि गृहही. 'कॉट' म्हणताच निजण्यापुरती लांबीरुंदी तेवढी उरते. १९५० साली मिलिंद महाविद्यालय व १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. खेड्यांतील मुलांचा ओघ शहराकडे वाढत गेला. वसतिगृहांत न मावलेली मुले भोवतालच्या वस्त्यांत शिरली.

या वस्त्यांवर दाटीचा आरोप नेहमी केला जातो. तो आम्हांस अपुरा वाटतो. देवगावाहून वेरूळ काही दूर नाही. तेथील बाराव्या लेण्यात, म्हणजे तीन मजली 'तीन ताल'मध्ये, भिक्षूंच्या कोठड्या लहानच आहेत. काहींत तर शय्या व उशाही दगडातच कोरलेल्या आढळतात. कॉट तेथेही होतीच! परंतु कोठडीबाहेर पाऊल टाकताच स्तंभांचे प्रशस्त दालन लाभते, आणि पुढे उघडे प्रांगण. चौघांनी बसून वाद घालावा अशी जागा रचनेतच गृहीत धरलेली आहे. दर एकरी माणसे मोजणाऱ्या आमच्या नियोजनास हे दुसरे माप ठाऊकच नसावे. कारण आजच्या कित्येक इमारतींत खोलीचे दार थेट अरुंद जिन्यावर उघडते. ओसरी नाही, ओटा नाही. गच्ची असते, तिला बहुधा कुलूप असते.