‘घूल’मधला गुन्हेगार कोण?

उर्दूच्या तासाला ‘ग़ूले-बयाबानी’ आला की जामनेरची आमची मुलं हसतात. ओसाड रानात रूप बदलून वाटसरूला चुकवणारं हे अरबी लोककथांतलं भूत. पॅट्रिक ग्रॅहम यांच्या ‘घूल’ (२०१८) या तीन भागांच्या मालिकेत ते चौकशीच्या कोठडीत येऊन बसलं आहे.

मालिका भुताची असली तरी तिचं गोत्र ‘फिल्म न्वार’चं आहे. ‘काळा चित्रपट’ या अर्थाचं हे नाव फ्रेंच समीक्षकांनी १९४६ साली हॉलिवूडच्या काही गुन्हेपटांना दिलं. अपुरा उजेड, बंद खोल्या, आणि दुसऱ्याचा गुन्हा शोधता शोधता स्वतःच्याच गुन्ह्यापाशी पोचणारा तपासनीस. राधिका आपटेची निदा रहीम नेमकी अशी आहे. उद्याच्या हुकूमशाही भारतात, सरकारवरच्या निष्ठेपायी तिनं स्वतःच्या अब्बांना पकडून दिलं आहे. कैदी अली सईदसमोर ती बसते आणि चौकशी उलटी फिरते. त्याला प्रत्येक अधिकाऱ्याचं पाप ठाऊक आहे, निदाचंही.

इथवर मला मालिका फार पटली. निष्ठा सिद्ध करता करता माणूस घरातलं काय काय देऊन बसतो, हे इतक्या थंडपणे क्वचितच दाखवलं गेलं असेल. पण घूलला बोलावणारे अब्बाच, हे उघड होतं तिथे मी अडखळलो. वाचणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या हाती शेवटी रक्ताची खूण आणि जादूटोणाच? (न्वारमध्ये सूड असतो, मान्य.) मला त्यांचं म्हणणं ऐकायचं होतं. पटकथेनं त्यांना बोलूच दिलं नाही.