संत लूसीच्या दिवशीचा काळोख

संत लूसीचा सण १३ डिसेंबरला येतो. सिराक्यूजच्या या रक्तसाक्षी कुमारिकेचे नाव ‘प्रकाश’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडलेले असून, डोळ्यांच्या विकारांत तिची मध्यस्थी मागण्याची प्रथा जुनी आहे. इंग्रज कवी जॉन डन याने आपली सर्वांत काळोखी कविता नेमकी याच दिवसावर रचावी याचे प्रथम नवल वाटते. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दिनदर्शिका सुधारली. प्रॉटेस्टंट इंग्लंडने मात्र ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. त्यामुळे तेथील जुन्या गणनेत वर्षातला सर्वांत लहान दिवस लूसीच्या सणाच्या आसपास पडे. आपल्या वसईत तो दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. लंडनमध्ये आठ तासही भरत नाहीत. हे ध्यानात न घेतल्यास कवितेतला थकलेला सूर्य आणि जमिनीत खोल मुरलेला जीवनरस आपणांस नुसते अलंकार वाटतील.

डनची पत्नी ॲन १६१७ च्या ऑगस्टमध्ये बाळंतपणात वारली. कविता छापली गेली ती कवीच्या मृत्यूनंतर, १६३३ मध्ये. ती ॲनसाठीच लिहिली की बेडफर्डची सरदारपत्नी लूसी हिच्यासाठी, हा वाद मिटलेला नाही. माझे मत ॲनच्या बाजूचे आहे. आश्रयदात्रीसाठी कोणी इतका उद्ध्वस्त होत नाही.

मधल्या कडव्यांत किमयागाराची भट्टी पेटते. प्रेमाने आपल्याला गाळून शून्याचाच अर्क काढला, असे कवी म्हणतो. ही विद्वत्ता मला काहीशी जड वाटते. दगडांनाही आवडनिवड असते, आपल्याला तीही उरली नाही, या साध्या कल्पनेपुढे तर ती फिकीच पडते.

दिवस आता वाढणार, हे कवी नाकारत नाही. तो फक्त तो लाभ इतर प्रेमिकांना देऊन टाकतो. सूर्य मकर राशीत जाऊन त्यांच्यासाठी नवी वासना घेऊन येईल, असे तो म्हणतो. युरोपात ही रास बोकडाची व बोकड कामुक. आपली मकर मगरीच्या जवळची, म्हणून ही कडवट थट्टा मराठीत उतरत नाही. शिवाय आपल्याकडे संक्रांतीला तिळगूळ आहे!

मयताच्या घरी पुनरुत्थानाचे सांत्वन आपण फार घाईने वाटतो. डन तशी घाई करीत नाही. त्याचा सूर्य परत येत नाही, आणि कोणी तसे सुचवलेलेही त्याला चालत नाही. श्रद्धाळू वाचक येथे अडखळतो, आणि त्याने अडखळावेच.

तरीही शेवटी कवी त्या रात्रीला पत्नीच्या सणाचे जागरण मानतो. डनचे घराणे छळ सोसलेले कॅथोलिक होते. एका धर्मगुरूला आसरा दिल्याबद्दल कैदेत पडलेला त्याचा भाऊ हेन्री १५९३ मध्ये तुरुंगातच वारला. पुढे डन अँग्लिकन झाला, जेझुइटांवर त्याने उपहासही लिहिला. पण दुःखाच्या घडीला त्याच्या हाती बालपणीचे संतांचे पंचांगच आले. त्याच इंग्लंडातून निघालेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ ॲनच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १६१६ मध्ये, गोव्यात छापले गेले होते.

म्हणून मराठी अनुवादकाने शेवटच्या कडव्यात ‘रात्र’ किंवा ‘पूर्वसंध्या’ एवढ्यावर भागवू नये. तेथे ‘जागरण’ हाच शब्द घालावा.